पेव आणि कणगी : धान्य राखणे आणि बी राखणे



या व्याख्यानमालेत आजवर ग्रंथांवर, संतांवर आणि सरदार घराण्यांवर पुष्कळ बोलले गेले. मी आज बियाण्यावर बोलणार आहे. साहित्यसंस्थेच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, असे कुणाच्या मनात आले असेल, तर मी प्रथम आपल्या भाषेतल्याच एका शब्दाकडे लक्ष वेधतो. एखादी गोष्ट एकाएकी उदंड झाली की आपण म्हणतो, 'पेव फुटले'. इंदुरात शिकवण्यांचे पेव फुटते, निवडणुकीत पुढाऱ्यांचे पेव फुटते. पण पेव म्हणजे काय, हे आपल्या घरातल्या तरुण मुलांना विचारून पाहा. शब्द राहिला आणि वस्तू गेली, अशी स्थिती आहे.

पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेले धान्याचे कोठार. सोलापूर, मराठवाडा, खानदेश या ज्वारीच्या मुलुखात ते गावोगाव असे. उत्तरेत त्यालाच खत्ती म्हणतात. गावाच्या पांढरीत, जिथे मुरूम घट्ट आहे आणि पावसाचे पाणी साचत नाही अशी उंचवट्याची जागा पाहून, पेव खणायचे. तोंड अरुंद, एक माणूस जेमतेम उतरेल एवढे. आत मात्र रांजणासारखे रुंद होत गेलेले. तळाला आणि कडेने कडबा, भुसकट, पाचट यांचा जाड थर द्यायचा, मधे ज्वारी भरायची, वरून पुन्हा कडबा, मग दगडी फरशी आणि तिच्यावर माती. फरशीवर माती पडली की पेव कुठे आहे ते फक्त घरच्यालाच ठाऊक. लुटारू आणि वसुली करणारा शिपाई या दोघांपासूनही धान्य वाचवायची ही युक्ती होती. असे भरलेले पेव दुष्काळात उघडले, की कोरड्या गावात एकदम धान्याची रास दिसे. 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार तिथून आला आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. दुष्काळात त्यांनी बादशहाच्या परवानगीवाचून सरकारी कोठारे लोकांना खुली केली. धान्य साठवणे म्हणजे माणसे जगवणे, हा अर्थ महाराष्ट्राच्या मनात त्या कथेने ठसवला.

माझा आजचा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. दुष्काळ सरला, मृग लागला, पाऊस पडला. पेवातली ज्वारी लोकांनी खाल्ली आणि जगले. आता शेतात काय पेरायचे? पेवातली उरलेली ज्वारी पेरली तर चालेल का?

जुन्या शेतकऱ्याचे उत्तर होते, नाही. पेवातले धान्य खायचे असते, पेरायचे नसते. दिसायला दाणा तोच, रंगही थोडाफार तोच, भाकरीही होते. पण तो जमिनीत घातला तर बहुधा कुजून जातो. धान्य शाबूत राहते आणि बी मरते. माझे आजचे सगळे म्हणणे या एका गोष्टीभोवती आहे. धान्य राखणे आणि बी राखणे या दोन निराळ्या विद्या आहेत, आणि जिथे जिथे माणसाने त्यांना एक समजले तिथे तिथे त्याने पुढचे पीक गमावले आहे.

असे का होते, ते आधी पाहू. बी हा निर्जीव खडा नाही. त्याच्या आत एक झोपलेला अंकुर आहे आणि त्याच्या शेजारी त्याची शिदोरी आहे. आपण जे खातो ती शिदोरी. जे उगवते तो अंकुर. झोपलेला अंकुरही मंदपणे श्वास घेत असतो. पेव बंद झाले की आतल्या दाण्यांच्या, बुरशीच्या आणि किड्यांच्या श्वासाने हवेतला प्राणवायू संपत जातो आणि कर्बवायू साठतो. त्यामुळे किडे गुदमरून मरतात. पेवात वर्षानुवर्षे धान्य टिके, त्याचे रहस्य हेच. याच कारणाने नुकत्याच उघडलेल्या पेवात उतरलेली माणसे बेशुद्ध होऊन दगावत. म्हणून पेव उघडून बराच वेळ तसेच ठेवायचे, दोरीला दिवा बांधून आत सोडायचा, दिवा जळत राहिला तरच माणसाने उतरायचे, अशी रीत होती.

पण जमिनीची ओल कितीही कडबा घातला तरी हळूहळू आत येतेच. दाणा कोरडा असेल तर हवाबंद जागेत बी चांगले राहते; उलट दाण्यात ओल असेल तर हवाबंद जागा त्याला मारक ठरते. ओलसर बीजाचा श्वास वाढलेला असतो आणि श्वासाला लागणारा वायू संपलेला असतो. पिठाला त्याचे काही वाटत नाही. फार तर भाकरीला आंबूस वास येतो, आणि पेवाच्या ज्वारीचा तो वास ओळखणारी माणसे कालपरवापर्यंत होती. अंकुर मात्र त्या वासाबरोबरच गेलेला असतो.

म्हणून बियाण्याची व्यवस्था वेगळी असे, आणि ती पांढरीच्या पोटात नसून घराच्या आत, उंचावर असे. पीक उभे असतानाच शेतातली टपोरी, निरोगी कणसे हेरून ठेवायची. ती खळ्यावरच्या राशीत मिसळायची नाहीत. ज्वारीची कणसे आणि मक्याची बोंडे जुडी बांधून चुलीच्या वर आढ्याला टांगायची. खालून रोजची धग लागे, त्याने दाणा कोरडा राही. धूर लागे, त्याने किडा येत नसे. डाळींचे बी राखेत कालवून मडक्यात भरायचे. राखेचे काम दुहेरी असते. ती दाण्यांमधल्या फटी भरून टाकते, त्यामुळे भुंगेऱ्याला हिंडायला जागा उरत नाही; शिवाय तिच्या घर्षणाने किड्याच्या अंगावरचे मेणासारखे कवच खरवडते आणि तो सुकून मरतो. भोपळ्या-दोडक्याचे बी वाळलेल्या पोकळ भोपळ्यात, तोंडाला बूच लावून. मडक्यावर मडके रचलेली उतरंड, तुरीच्या काड्यांची शेणामातीने लिंपलेली कणगी, भिंतीतले बळद, कडुनिंबाचा पाला, धान्यात टाकलेले बिबे, उन्हाळ्यात एकदा अंगणात घातलेले वाळवण, आणि वाळवण पुरते गार झाल्यावरच पुन्हा भरायचे ही काळजी : हे सगळे मिळून एक शास्त्र होते. ते बहुतांशी बायकांच्या हाती होते. उतरंडीतले कोणते मडके कशाचे, हे घरच्या म्हातारीला ठाऊक असे आणि ते मडके तिच्या परवानगीवाचून कुणी हलवत नसे.

हे केवळ घरगुती शहाणपण होते असेही नाही. 'कृषिपराशर' या जुन्या संस्कृत ग्रंथात बियाण्याबद्दल स्वतंत्र सूचना आहेत. माघ किंवा फाल्गुनात बी गोळा करावे, ते उन्हात नीट वाळवावे, जमिनीवर तसेच ठेवू नये, एकाच जातीचे बी एकत्र ठेवावे, त्यातले तण निवडून टाकावे, पुड्या बांधून ठेवावे, पावसाने भिजलेले किंवा दिव्याची आच लागलेले बी वापरू नये. माघ-फाल्गुन का, याचे उत्तर आपल्या हवामानात आहे. थंडी ओसरते आहे, हवा कोरडी आहे आणि ऊन अजून भाजत नाही. बी वाळवायला वर्षातला याहून चांगला काळ नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही सीताध्यक्षाच्या, म्हणजे शेतीखात्याच्या अधिकाऱ्याच्या, कामांत बियाण्याचा संग्रह आणि पेरणीपूर्वी त्याला रात्री दव व दिवसा ऊन देण्याची कृती सांगितली आहे. राज्यकर्त्याने धान्याच्या कोठाराबरोबर बियाण्याचाही विचार करायचा असतो, ही जाणीव इतकी जुनी आहे.

राखलेले बी जिवंत आहे की नाही, हे पेरण्यापूर्वी कळायला हवे. त्याचीही सोय होती. आश्विनात आपण घट बसवतो, पत्रावळीवर किंवा परडीत काळी माती घालून तिच्यात धान्य पेरतो आणि नऊ दिवस त्याचे रुजवण पाहतो. नवरात्रानंतर लगेच रब्बीची पेरणी असते. कोणत्या धान्याचे रोप कसे आले, हे देवापुढे घरोघर दिसते. इथे राहून आपण याच्या बहिणीही पाहिल्या आहेत. वडोदऱ्याच्या मंडळींना आषाढातल्या गौरीव्रताचे जवारे ठाऊक आहेत. ग्वाल्हेरच्या मंडळींनी राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीच्या भुजरिया पाहिल्या आहेत. हे विधी केवळ बीजपरीक्षेसाठीच निर्माण झाले, असा दावा मी करणार नाही. देवीचे व्रत हे देवीचे व्रतच आहे. पण जे बी घटात उगवले नाही ते शेतात पेरायला कोण धजावेल?

आता या व्यवस्थेचा कणा कधी मोडत असे, ते पाहू. तो मोडत असे दुष्काळात. उतरंडीचे शेवटचे मडके म्हणजे पुढच्या वर्षाचे शेत. लेकरे उपाशी असताना ते मडके न फोडणे ही आईची केवढी परीक्षा असेल! आणि बहुतेकदा ते फोडावेच लागे. १८७६ ते १८७८ चा दख्खनचा दुष्काळ, १८९६-९७ चा, आणि १८९९-१९०० चा, ज्याला माळव्यात, गुजरातेत आणि राजस्थानात विक्रम संवत १९५६ वरून 'छप्पनिया' म्हणतात : या दुष्काळांत माणसे आणि गुरे तर गेलीच, पण वाचलेल्यांच्या हातात पेरायला बी उरले नाही. म्हणून दुष्काळाचा शेवट पावसाने होत नसे. पाऊस पडला की एक नवे संकट उभे राही.

मग शेतकरी सावकाराच्या दारात जाई. बी उसने आणायचे आणि सुगीला ते सवाईने किंवा दिढीने, म्हणजे सव्वापट किंवा दीडपट, परत करायचे, असा व्यवहार होता. त्यातल्या व्याजावर आपल्या अर्थशास्त्र्यांनी पुष्कळ लिहिले आहे. त्यापेक्षा कमी बोलली गेलेली गोष्ट ही, की सावकाराचे कोठार खाण्याच्या धान्याचे असे. दहा शेतांतला माल तिथे एकत्र झालेला. तो निवडलेला नसे आणि बी म्हणून वाळवलेलाही नसे. ऋणको दिढीचे ओझे घेऊन घरी आणी ते पुष्कळदा मेलेले बी. ते निम्मे उगवले तर पीक निम्मे, कर्ज मात्र पुरते. सरकारनेही १८८४ साली शेतकऱ्यांना बी आणि बैल यांसाठी तगाई देण्याचा कायदा केला. पैसा मिळण्याची सोय झाली. पण त्या पैशाने विकत घ्यायचे जिवंत बी कुठून यावे, हा प्रश्न राहिलाच.

त्याच काळात दूर अमेरिकेत एक प्राध्यापक वेगळ्याच जिज्ञासेने बियाण्याच्या आयुष्याचा शोध घेत होता. १८७९ साली मिशिगनच्या कृषी महाविद्यालयात विल्यम जेम्स बील यांनी २० बाटल्या घेतल्या, प्रत्येकीत ओलसर वाळूत कालवून २१ प्रकारच्या वनस्पतींचे, मुख्यतः तणांचे, प्रत्येकी ५० दाणे घातले आणि त्या बाटल्या उपड्या करून जमिनीत पुरल्या. ठरावीक वर्षांनी एक बाटली उकरायची आणि काय उगवते ते पाहायचे. बील गेले, त्यांचे शिष्य गेले, प्रयोग अजून चालू आहे. २०२१ साली उकरलेल्या बाटलीतूनही एका रानटी वनस्पतीचे बी उगवले. शेवटची बाटली २१०० साली निघायची आहे.

तण एवढे चिवट, मग गहू किती टिकत असेल? युरोपात एकोणिसाव्या शतकात एक वदंता फार गाजली, की मिसरच्या पिरॅमिडांतल्या ममींबरोबर सापडलेला हजारो वर्षांचा गहू पेरला तर उगवतो. असा गहू विकलाही जात असे. पण खात्रीने थडग्यातला असलेला दाणा जेव्हा जेव्हा तपासला, तेव्हा तो काळवंडून मेलेलाच निघाला; उगवलेला दाणा कुणीतरी मागाहून घातलेला ताजा गहू होता. इस्राएलमधल्या मसादा किल्ल्यात सापडलेली सुमारे २००० वर्षांपूर्वीची खजुराची बी मात्र २००५ साली खरोखर उगवली. मृतसागराच्या काठचा तो कडकडीत कोरडा प्रदेश आणि खजुराची कठीण आठळी, दोन्ही जुळून आले होते. गव्हाला किंवा ज्वारीला असे आयुष्य नसते. त्यांना माणसानेच सांभाळावे लागते.

ते कसे, याचे सोपे गणित कॅलिफोर्नियातले बीजशास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांनी विसाव्या शतकात मांडले. दाण्यातली ओल एक टक्क्याने कमी केली की त्याचे साठवणीतले आयुष्य दुप्पट होते. साठवणीचे तापमान दहा अंश फॅरनहाइटने उतरवले की ते पुन्हा दुप्पट होते. हा ठोकताळा आहे, आणि साधारण ५ ते १४ टक्के ओलीपर्यंतच तो लागू पडतो. पण त्याचा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. दाणा १४ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणला की चार वेळा दुप्पट, म्हणजे सोळा पट. तापमान ९५ अंशांवरून ७५ वर आणले की दोन वेळा दुप्पट, म्हणजे चार पट. दोन्ही मिळून चौसष्ट पट! त्यांनी हेही सांगितले, की फॅरनहाइट तापमान आणि हवेतली सापेक्ष आर्द्रता यांची बेरीज शंभराच्या आत असावी. आता आपल्या इंदूरचा मे महिना घ्या. तापमान १०४ अंश. आर्द्रता धरण्यापूर्वीच बेरीज शंभर ओलांडते. श्रावण घ्या. तापमान ७८ आणि आर्द्रता ८५; बेरीज १६३. गोव्यात आणि कोकणात तर पावसाळ्याचे चार महिने हाच हिशेब. म्हणजे आपल्या मुलुखात बी राखणे हे मुळातच हवेच्या विरुद्ध पोहणे आहे. चुलीवरच्या आढ्याला टांगलेले कणीस आणि राखेतले मडके यांची किंमत या आकड्यांपुढे कळते. आपल्या आज्यांना तापमान उतरवता येत नव्हते. ओल उतरवता येत होती, आणि ती त्यांनी उतरवली.

ओलीच्या पायऱ्याही लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. दाण्यात ८-९ टक्क्यांहून अधिक ओल असली की किडे वाढू लागतात. १२ ते १४ टक्क्यांच्या वर बुरशी धरते. १८ ते २० टक्क्यांच्या वर रास स्वतःच तापू लागते. पोत्यात हात घातला तर चटका बसतो. खाण्याचे धान्य यांतल्या पहिल्या पायऱ्यांवरही चालून जाते. बी पहिल्याच पायरीपासून मरायला लागते.

आंबा, फणस यांची गोष्ट याच्या उलट आहे. आंब्याची कोय किंवा फणसाची आठळी वाळवली की मरते. रीडिंग विद्यापीठातले रॉबर्ट्स यांनी १९७३ साली बियांचे हे दोन वर्ग केले : वाळवून टिकणाऱ्या आणि वाळवणे न सोसणाऱ्या. दुसऱ्या वर्गातल्या बिया राखायच्या असतील तर त्या लावाव्याच लागतात. त्यांची कणगी म्हणजे झाड.

अन्न की बी, हा प्रश्न उतरंडीच्या शेवटच्या मडक्यापाशी आपल्या आयाबायांना पडला, तसाच तो विसाव्या शतकात एका मोठ्या संस्थेपुढे उभा राहिला. या संस्थेचे इंग्रजी नाव आणि १९२४ साली इथे, इंदुरात, होळकर सरकारने दिलेल्या ३०० एकर जमिनीवर अल्बर्ट हॉवर्ड यांनी उभारलेल्या संस्थेचे नाव एकच होते : इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री. इंदूरची संस्था कंपोस्ट खताच्या 'इंदूर पद्धती'मुळे जगभर गेली आणि पुढे आपले कृषी महाविद्यालय झाली. लेनिनग्राडच्या संस्थेत निकोलाय वाविलोव यांनी देशोदेशी हिंडून आणलेल्या पिकांच्या बियाण्याचा त्या काळचा जगातला सर्वांत मोठा संग्रह होता. १९४१ च्या सप्टेंबरात जर्मन फौजांनी शहराला वेढा घातला. तो ८७२ दिवस चालला आणि लाखो माणसे भुकेने मेली. वाविलोव त्या वेळी स्वतःच्याच सरकारच्या तुरुंगात होते. १९४३ च्या जानेवारीत ते तिथेच गेले. संस्थेत तांदूळ, गहू, मका, वाटाणे, भुईमूग यांनी भरलेली कपाटे होती आणि त्यांचे राखणदार उपाशी होते. त्यांनी उंदरांपासून, थंडीपासून आणि स्वतःच्या भुकेपासून ते बी राखले. भाताच्या संग्रहाचे प्रमुख दिमित्री इवानोव भाताच्या पुड्यांच्या हजारो पाकिटांच्या सोबतीत भुकेने गेले. भुईमुगाचा संग्रह सांभाळणारे शुकिन आपल्या टेबलापाशीच गेले.

ही कथा ऐकली की दामाजीपंतांची आठवण येते आणि मन दुभंगते. एकाने कोठार उघडले म्हणून आपण त्याला संत म्हणतो. दुसऱ्यांनी कपाट उघडले नाही म्हणून त्यांना हुतात्मे म्हणतो. दोघांचेही खरे आहे, कारण दामाजीपंतांपुढे धान्य होते आणि इवानोवांपुढे बी होते. तरीही त्या कपाटातले किती दाणे किती लेकरांना किती दिवस पुरले असते, हा प्रश्न मनातून जात नाही, आणि तो जाऊही नये. त्या शास्त्रज्ञांनी १९४२ च्या वसंतात, वेढ्यातच, तोफांच्या माऱ्यात बटाट्याचा संग्रह पुन्हा जमिनीत लावला. बटाटा कपाटात टिकत नाही. तो राखायचा तर लावायलाच हवा, हे त्यांना ठाऊक होते.

आता आपल्या दारातले पाहू. गेल्या पन्नास वर्षांत माळव्याची काळी सोयाबीनने व्यापली. पूर्वी मध्य भारतात 'कालीतूर' नावाचा काळ्या, बारीक दाण्याचा सोयाबीन थोडाफार पिकत असे. त्याचे बी टिकाऊ. पुढे जास्त उतारा देणारे पिवळे, टपोरे वाण आले आणि १९८७ साली सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्रही इंदुरातच स्थापन झाले. टपोऱ्या सोयाबीनचे कवच पातळ, त्याचा अंकुर कवचाच्या अगदी लगत, आणि दाण्यात सुमारे २० टक्के तेल. पोते उंचावरून आदळले तरी आतले अंकुर दुखावतात. मळणीयंत्र वेगाने फिरवले तरी तेच. थप्पी चार-पाच पोत्यांहून उंच लावली तर तळच्या पोत्यातले बी दबते. हे बी ऑक्टोबरात निघते आणि जूनअखेर पेरायचे असते. म्हणजे त्याला आपला सगळा उन्हाळा पोत्यात काढावा लागतो. गव्हाच्या प्रमाणित बियाण्याला निदान ८५ टक्के उगवण लागते, ज्वारीच्या ७५. सोयाबीनसाठी कायद्यालाही ७० टक्क्यांवर समाधान मानावे लागले, यातच त्या बीजाचा नाजूकपणा कळतो.

जूनमध्ये पाऊस पडतो, पेरणी होते, आठवड्याने शेतकरी बांधावर उभा राहून पाहतो आणि ओळी विरळ दिसतात. कुणी पावसाला बोल लावतो, कुणी दुकानदाराला. पुष्कळदा दोष मे महिन्यातल्या पत्र्याच्या खोलीचा असतो. दुबार पेरणी म्हणजे बियाण्याचा, डिझेलचा आणि मजुरीचा दुप्पट खर्च. आणि गेलेला आठवडा तर कोणत्याच बाजारात मिळत नाही. उपाय मात्र घटस्थापनेइतका सोपा आहे. पेरणीपूर्वी घरच्या बियाण्यातले १०० दाणे न निवडता घ्यायचे, ओल्या गोणपाटावर ओळीने मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल टिकवायची आणि सहा-सात दिवसांनी निरोगी मोड मोजायचे. ७० आले तर एकरी ३० किलो बी पुरे. ६० आले तर ३५ किलो लागेल. ५० आले तर ४२ किलो लागेल, आणि तेव्हा दुसरे बी शोधणेच बरे. मोजणी पेरणीआधी झाली तर नुकसान १०० दाण्यांचे होते.

शास्त्राने आज साठवणीची पराकाष्ठा केली आहे. हैदराबादजवळ पाटणचेरूला १९७२ पासून असलेल्या इक्रिसॅट संस्थेत ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर, भुईमूग यांचे लाखाहून अधिक नमुने शून्याखाली २० अंश सेल्सियसला ठेवलेले आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत शून्याखाली १८ अंशांना लाखो नमुने आहेत. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात २००८ साली उघडलेल्या भुयारात तर सगळ्या जगाची ठेव आहे. आपल्या आजोबांच्या शेतातली, आता कुठेच पेरली न जाणारी ज्वारी कदाचित यांतल्या एखाद्या पाकिटात झोपलेली असेल.

पण या पेढ्यांचाही एक नियम आहे. ठेवलेले बी ठरावीक वर्षांनी काढून उगवून पाहायचे. उगवणशक्ती मूळच्या ८५ टक्क्यांखाली उतरली, की ते शेतात पेरायचे, पीक घ्यायचे आणि नवे बी पुन्हा आत ठेवायचे. थंडीने मरण लांबते, टळत नाही. जगातली सर्वांत चांगली कणगी सुद्धा अखेर शेताच्याच भरवशावर आहे.

श्रोतेहो, आपली घराणी सहा-सात पिढ्यांपूर्वी कृष्णा-गोदेकाठाहून निघून नर्मदेपलीकडे आली. येताना काय काय आणले, याच्या याद्या आपण हौसेने करतो : देवघरातले टाक, पैठण्या, कुळाचार, भाषा. आपल्याला ते जपायची फार काळजी आहे आणि या संस्था आपण त्यासाठीच काढल्या. मी आज बियाण्याचा इतिहास सांगायला उभा राहिलो, भाषेचा नाही. तरी घरी गेल्यावर एवढे करून पाहा. आपण जे जे जपले आहे त्यातले काय पेवात आहे आणि काय उतरंडीत, ते एकदा पाहा. पेवातले वाईट नसते. त्याने एक पिढी जगते. पण नातवंडांच्या हाती द्यायचे ते बी असावे लागते, आणि ते जिवंत आहे की नाही हे कपाटाचे दार लावून कळत नाही. त्यातले चार दाणे घेऊन मातीत घालावे लागतात.

येत्या आश्विनात घट बसवताना परडीत बाजारचे धान्य न घालता, ज्याला शक्य आहे त्याने आपल्या किंवा ओळखीच्या शेतकऱ्याच्या घरचे बी घालावे, आणि नवव्या दिवशी रोपे मोजावीत. मोजलेला आकडा त्या शेतकऱ्याला कळवावा. रब्बीची पेरणी तोवर व्हायची असते.